साठाला एक

१

मंगळू मरून सहा दिवस झाले होते आणि त्याला कोणी मारलं हेही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. राहिली होती फक्त एक सही. त्या सहीसाठी खंडेराव ढोमसे यांनी नाशिकला गाडी पाठवून अंजली देवरे यांना पिंपळगाव बसवंतच्या आपल्या द्राक्ष-निर्यातीच्या पॅकहाऊसवर आणवलं होतं.

अंजलीबाई आयटीआयमध्ये बावीस वर्षं यंत्रं शिकवून गेल्या जूनमध्ये निवृत्त झाल्या. दिवाळीत नवरा गेला. तेव्हापासून त्यांना काही वाटेनासंच झालं होतं. दाताचा डॉक्टर सुई टोचतो, मग गाल जागेवर असतो पण आपला नसतो, तसं. लोक भेटायला येत, रडत. बाई त्यांना पाणी देत. आताही समोर एका माणसाच्या मरणाचा कागद होता आणि त्यांच्या मनात आलं ते इतकंच, की त्यात टायपिंगच्या दोन चुका आहेत.

"मामला सरळ आहे, मॅडम," खंडेराव म्हणाले. जाडजूड, तांबूस चेहऱ्याचा माणूस. द्राक्षाच्या हंगामात झोप न मिळाल्याने डोळे सुजलेले. "आपली मालाची लिफ्ट. खालून कॅरेट भरून वर कोल्ड रूमला जाते. गुरुवारी दुपारी लिफ्ट अर्ध्यात असताना लाईट गेली. लिफ्ट लटकली. मंगळू खाली झाडायला शिरला. आणि राजूनं, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्यानं, लाईट आल्याबरोबर न बघता खाली यायचं बटण दाबलं. आता तो म्हणतो, लाईट आलीच नव्हती, मी बटण दाबलंच नाही, लिफ्ट आपोआप आली. असं कुठं असतं का?"

"गिअरबॉक्स कोणता आहे?"

"वर्मचा. साठाला एक. पाटी आहे ना त्याच्यावर."

मोटार साठ वेळा फिरते तेव्हा दोराचा ड्रम एकदा फिरतो, असा त्याचा अर्थ. अशा वर्मच्या, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या, गिअरबॉक्समध्ये मोटारीने ड्रम फिरतो, पण ड्रमने मोटार फिरत नाही. वर कितीही वजन लटकू दे, मोटार बंद झाली की ते जागच्या जागी अडकून राहतं. बाईंनी हे बावीस वर्षं शिकवलं होतं. वर्गात कापून उघडा केलेला एक साठाचा बॉक्स होता. दर वर्षी वर्गातल्या सगळ्यात दांडगट पोराला त्या बॉक्सचा बाहेरचा दांडा उलटा फिरवायला लावायचा, पोरगा घामाघूम व्हायचा, दांडा हलायचा नाही, आणि वर्ग खिदळायचा.

"तेवढंच तुम्ही लिहून द्या," खंडेराव म्हणाले. "लाईट नसताना ही लिफ्ट खाली येऊ शकत नाही. फौजदार म्हणाले, जाणत्या माणसाची सही पाहिजे. आमच्या हर्षलनं तुमचं नाव सुचवलं. आमच्या सगळ्या मशिनरीचं तोच बघतो. म्हणाला, नाशिक जिल्ह्यात मॅडमच्या वर कोणी नाही."

हर्षल निकुंभ. २०१४ ची बॅच. हुशार, हसरा, दर गुरुपौर्णिमेला घरी येऊन पाया पडणारा. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. सही झाली असती तर राजू नावाचा पेठकडचा एक बत्तीस वर्षांचा माणूस तुरुंगात गेला असता, आणि बाई जेवायच्या वेळेला घरी पोचल्या असत्या.

"मंगळूची बायको असते कुठे?" त्यांनी विचारलं. का विचारलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मयताच्या घरी तोंड दाखवून यावं, एवढी रीत अंगवळणी पडलेली.

खंडेरावांनी काचेपलीकडे हात केला. "ती काय. कामावर आहे."

२

भागीबाई स्टीलच्या लांब टेबलाशी उभी राहून द्राक्षांचे घड साफ करत होती. डाव्या हातात घड, उजव्या हातात बारीक कात्री. चिरका मणी, सुकलेला मणी, बारका मणी, टक, टक, टक. नवरा जिथे गेला ती लिफ्ट वीस पावलांवर, दोरी बांधून बंद केलेली. तिच्या तोंडाकडे बघून काही कळत नव्हतं. अंजलीबाईंना ते तोंड ओळखीचं वाटलं. रोज सकाळी आरशात दिसायचं ते.

"घरी नाही गेलीस?"

"सुरगाण्याला जाऊन आले. माती दिली. घरी बसून काय करू?" कात्री थांबली नाही. "इथं हात चालतात."

"मी तपासाला आलेय. तू तेव्हा इथेच होतीस?"

"इथंच."

"तो लिफ्टखाली का गेला?"

"लाईट गेली का समदे जातातच. लिफ्ट मधी लटकली का खालचा खड्डा मोकळा व्हतो ना. मणी सांडलेले असतात, माशा व्हतात, परदेशची तपासणी येती. मुकादम म्हणतो, लाईट गेली का आधी खड्डा झाडून घ्या. पाच हंगाम तसंच करतोय. मी पण गेलेय कितीदा." जरा थांबून ती म्हणाली, "समदे म्हणतात त्याचीच चूक. मधी शिरलाच कशाला."

"लाईट परत आली होती का गं?"

"पंखे बंदच व्हते. घाम पुसत व्हते मी."

"राजूने बटण दाबलेलं पाहिलंस?"

"राजू न् मी पाठीला पाठ. दिसला नाय." कात्रीची दोन टोकं एका चिरक्या मण्यापाशी थबकली. "पण भोंगा वाजला नाय."

"कसला भोंगा?"

"लिफ्ट हलली का भोंगा वाजतो. वर जाताना, खाली येताना, जवर हलती तवर. त्या आवाजावर तर आमचे घड चालतात. पहिलं एका भोंग्यात तीन घड व्हायचे माझे. संक्रांतीपासून एकच व्हतो. मुकादम वरडतो, भागी, तू मंदावलीस. म्हातारी झाले का काय, म्हटलं." टक. "त्या दिशी भोंगा वाजलाच नाय. नुसता दोराचा सूऽऽ आवाज. मग दुसरा आवाज."

अंजलीबाईंनी टेबलावरचा एक घड उचलला आणि परत ठेवला. भोंगा मोटारीच्याच तारेवर असणार. मोटारीत वीज आली तर भोंगा वाजणारच. तो वाजला नाही, म्हणजे मोटारीने लिफ्ट खाली आणली नव्हती.

आणि साठाच्या बॉक्सवरून ती आपोआप येऊ शकत नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर मंगळू आज जिवंत असायला हवा होता.

३

फौजदार रविराज गांगुर्डे सभ्य होते आणि कंटाळलेले होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि राजूला कोठडीतून बाहेर आणवलं. राजू उंच, खांदे पडलेला. हवालदाराने सांगेपर्यंत तो बसला नाही.

"मंगळू माझ्या बायकोचा मामेभाऊ हाय, मॅडम," तो म्हणाला. "मी त्याच्यावर लिफ्ट सोडंन का?"

"मुद्दाम सोडलीस असं कोणी म्हणत नाही. न बघता बटण दाबलंस म्हणतात."

"दाबलं नाय. लाईटच नव्हती, दाबून काय व्हणार? लिफ्ट वर चालली व्हती. लाईट गेली, भोंगा बंद झाला, लिफ्ट थांबली. मंगळू झाडू घेऊन शिरला. मी तमाखू मळत व्हतो. एवढ्यात ती हळूहळू खाली सरकाया लागली, न् मग जोरात आली. वरडेपर्यंत..."

"लिफ्टमध्ये माल किती होता?"

"नऊ कॅरेट. नऊच भरायची ऑर्डर हाय."

"नेहमीच नऊ?"

"पहिलं चोवीस जायची. संक्रांतीच्या टायमाला हर्षलभाऊ दोन दिवस काम करून गेले, तवापासून नऊ. जास्ती टाकली का मोटार गुरगुरती न् फ्यूज उडतो. शेठला सांगितलं. शेठ म्हणले, नऊच टाक, सेफ्टी हाय."

"आणि संक्रांतीपासून लिफ्ट वाटेत असताना कधी लाईट गेली होती?"

राजूने आठवून पाहिलं. "नाय. दोनदा गेली, पण लिफ्ट खाली टेकलेली व्हती. मधी लटकली ती गुरुवारीच. पहिल्या टायमाला."

बाईंनी चहा बाजूला सारला. चोवीसचे नऊ. तीन घडांचा एक. हे दोन आकडे त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसले, आणि बावीस वर्षं फळ्यावर लिहिलेली ओळ आपोआप पूर्ण झाली.

"साहेब, तुम्ही माझ्याबरोबर पॅकहाऊसवर येता का?" त्या फौजदारांना म्हणाल्या. "आणि तुमच्याकडे खडू असेल तर द्या."

४

"तुम्ही शेतकरी माणूस," अंजलीबाई खंडेरावांना म्हणाल्या. तिघं लिफ्टच्या मोटारीपाशी उभे होते. "ट्रॅक्टर नांगराला लावला की कोणता गिअर टाकता?"

"लो. पहिला-दुसरा."

"टॉप का नाही?"

"टॉपला नांगर ओढंल का? बंद पडंल."

"पण रस्त्याला टॉपच लागतो. इंजिन तेच, ताकद तेवढीच. गिअर फक्त वाटणी करतो. सावकाश जा, तर जास्त ओढाल. जोरात जा, तर कमी ओढाल. दोन्ही एकदम पदरात पडत नाही." त्यांनी मोटारीमागची पंख्याची जाळी काढली. "तुमची लिफ्ट संक्रांतीपासून तिप्पट जोरात जाते. भागीबाईचे तीन घड व्हायचे तिथे आता एकच होतो. ती मंदावली नाही, भोंगा लवकर संपतो. आणि माल चोवीसच्या जागी नऊच कॅरेट उचलला जातो. मोटार बदललेली नाही. मग बदललं काय?"

खंडेराव म्हणाले, "हंगामात कंटेनर थांबत नाही, मॅडम. हर्षलला म्हटलं होतं, लिफ्ट जरा पळव. तो म्हणाला सेटिंग केलंय. पण बॉक्स साठाचाच आहे, ही काय पाटी."

पाटी होतीच. चौकोनी, पितळी, १:६०. बॉक्सवर संक्रांतीपासूनची धूळ आणि द्राक्षाचा चिकट रस बसून काळपट थर झाला होता. पाटीचे चार स्क्रू मात्र आरशासारखे चकचकीत.

"साहेब, हे बघून ठेवा," बाई फौजदारांना म्हणाल्या. मग पंख्याच्या एका पात्यावर खडूची रेघ मारली, दुसरी रेघ ड्रमवर. "लिफ्ट खाली टेकलीय, दोर सैल आहे. मी पंखा हाताने फिरवते, म्हणजे मोटारच फिरते. ड्रमची एक फेरी पूर्ण झाली की सांगा."

त्या मोजत फिरवू लागल्या. दहाला ड्रमवरची रेघ अर्ध्यात होती. वीसला ती होती तिथे परत आली.

"झाली," फौजदार म्हणाले.

बाईंनी कोपऱ्यातली पहार उचलून ड्रमच्या आऱ्यात घातली. बावीस वर्षांत ज्याने प्रयत्न केला तो हरला होता. साठीला टेकलेल्या अंजलीबाईंनी पहार दाबली. ड्रम जरा कुरकुरला आणि वळला. पलीकडे मोटारीचा पंखा गरगर फिरला.

"विसाचा वर्म उलटा फिरतो," त्या म्हणाल्या. "लगेच नाही. घर्षण धरून ठेवतं थोडा वेळ. वजन असलं, तेल गरम असलं, की सुटतो. आणि याला ब्रेक असायला हवा होता."

"ब्रेक होता," खंडेराव पुटपुटले. "दोन वर्षांपूर्वी जळला. हर्षल म्हणाला, वर्मला ब्रेक लागतच नाही."

बाईंच्या हातातली पहार खाली टेकली. ही ओळ त्यांनी कुठेतरी ऐकली होती. कुठे, ते आठवायला त्यांना अंबडला हर्षलकडे पोचेपर्यंतचा सगळा रस्ता लागला, आणि आठवलं तेव्हा त्यांनी फौजदारांना गाडी हळू घ्यायला सांगितलं.

५

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला हर्षलचा वर्कशॉप लखलखीत होता. तो धावत आला, वाकून पाया पडला. "मॅडम, तुम्ही स्वतः? फोन केला असता तर मीच..." मग त्याला मागे फौजदार दिसले.

अंजलीबाई आत रॅककडे गेल्या. जुने बॉक्स ओळीने मांडलेले होते. तिसरा त्यांना हवा तोच होता. तेवढाच आकार, तोच हिरवा रंग; आणि पाटीच्या जागी फिकट चौकोन, चार कोपऱ्यांत चार रिकामी भोकं.

"पाटी कधी बदललीस, हर्षल?"

हसू त्याच्या चेहऱ्यावर अजून थोडा वेळ रेंगाळलं. "संक्रांतीलाच. कागदोपत्री साठ आहे, उगाच घोळ नको म्हणून..."

"स्क्रूवर धूळ नाहीये. शुक्रवारी बदललीस. तो मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

हर्षल स्टुलावर बसला. वर्कशॉपमधलं लेथ कोणीतरी बंद केलं.

"गुरुवारी संध्याकाळी मी गेलो, मॅडम," तो म्हणाला. "सगळे दवाखान्यात होते. मी ड्रमला पहार लावली, नुसतं बघायला. फिरला. माझा विश्वास बसेना. तिथेच खाली बसलो मी. मला खरंच माहीत नव्हतं."

"गुरुवारपर्यंत माहीत नव्हतं. शुक्रवारी होतं. तरी राजूला आत बसू दिलंस."

"मला दोन पोरी आहेत."

"राजूला नाहीत का कोणी? आणि माझंच नाव का सुचवलंस?"

उत्तर बाईंनीच दिलं. "म्हातारी बाई खुर्चीवरून उठणार नाही. साठाची पाटी ऐकून बावीस वर्षांची ओळ लिहून देईल. बरोबर ना? तुझा हिशोब चुकला नव्हता. मी टोपण काढलं होतं."

हर्षल उठला. टेबलाच्या खणातून त्याने प्लास्टिकच्या आवरणातली एक वही काढली. २०१४ ची. त्याने पान उघडून समोर धरलं, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच राग आला. "मग हे काय आहे, मॅडम? हे मी माझ्या मनाने लिहिलं?"

सुवाच्य अक्षर होतं. 'वर्म गिअर उलटा फिरत नाही. त्यामुळे वजन उचलताना वेगळ्या ब्रेकची गरज नसते.' खाली लाल शाईत बरोबरची खूण, 'उत्तम', आणि अं. देवरे.

पाठ्यपुस्तकात त्या ओळीखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: रेशो कमी असेल तर हे खरं नाही. परीक्षेत ती कधी विचारली जात नसे. आयटीआयमध्ये बॉक्स एकच होता, साठाचा. वर्ग खिदळायचा. बाईंनी ती बारीक ओळ पहिल्या वर्षी गाळली आणि मग बावीस वर्षं ती गाळलेलीच राहिली.

"नाही," अंजलीबाई म्हणाल्या. "हे मी लिहून दिलं. पाटी तू लावलीस."

६

फौजदारांनी जबाब लिहून घेतला. शेवटची तीन वाक्यं बाईंनी स्वतःच्या हाताने घातली. गांगुर्डे ती वाचून म्हणाले, "मॅडम, वर्गात काय शिकवलं हा काही गुन्हा नाही. हे खोडा. कोर्टात वकील तुम्हालाच धारेवर धरेल."

"धरू दे," बाई म्हणाल्या आणि सही केली.

राजू दुसऱ्या दिवशी सुटला. हर्षलचं काय व्हायचं ते कोर्ट ठरवणार होतं. बाई पिंपळगावला गेल्या आणि स्टीलच्या टेबलाशी उभ्या राहून त्यांनी भागीबाईला सगळं सांगितलं. बॉक्स, पाटी, वही, आपलं नावही. काही लपवलं नाही.

भागीबाईने शेवटपर्यंत ऐकलं. "म्हंजी लटकलेली लिफ्ट खाली येती, हे त्याला कळायला मार्गच नव्हता?"

"नव्हता. पाच हंगाम ती लटकूनच राहायची. त्याची काही चूक नव्हती."

भागीबाईने कात्री टेबलावर ठेवली. कामावर परतल्यापासून ती पहिल्यांदाच हातातून सुटली असेल. तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली, मोठ्याने, सगळ्या बायकांदेखत. अंजलीबाई शेजारी उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. त्या बाईचा हेवा मात्र वाटला, आणि हेवा वाटला याचीच लाज वाटली. चार महिन्यांत त्यांना काही वाटलं ते हेच.

घरी त्यांनी कपाटातून हजेरीच्या डायऱ्या काढल्या. बावीस बॅच, चारशे बासष्ट नावं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक निरोप टाकला असता तर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली असती आणि कोणी वाचलं नसतं. सकाळी दहाला चहा बाजूला ठेवून त्यांनी पहिल्या बॅचचा पहिला नंबर लावला. बहिरू आहेर. लासलगावला कांद्याच्या गोदामात मशिनं सांभाळतो.

"मॅडम! इतक्या वर्षांनी! तब्येत बरी ना?"

"बरी आहे. बहिरू, तुमच्याकडे माल उचलायची लिफ्ट आहे का?"

"आहे ना."

"वर्मची?"

"हो."

"ब्रेक आहे?"

तो मनमोकळं हसला. "ब्रेक कशाला, मॅडम? तुम्हीच तर..."

"लाईट गेली की तुम्ही काय करता?"

"काय करायचं? लिफ्ट लटकती, बायका तेवढ्यात खालची टरफलं झाडून घेतात."

अंजलीबाईंनी टेबलाची कड धरली. त्यांना भीती वाटली, खरीखुरी. किती दिवसांनी. "बहिरू, लिफ्ट खाली टेकव. मेन बंद कर. तिच्याखाली आता कोणी जायचं नाही. मग खडू घे."

"रेशो पाहिजे का? पाटी बघून सांगतो की."

"पाटी बघू नकोस. मोजायचं."

फोन कुठेतरी पत्र्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग जाळी काढल्याचा, कोणाला तरी हाक मारल्याचा. मग बहिरूचा आवाज, लांबून, मोठ्याने, वर्गात पाढे म्हणावे तसा. एक. दोन. तीन. बाई उभ्या राहिल्या. दहा. अकरा. त्यांनी डोळे मिटले. सतरा. अठरा. एकोणीस.

"वीस," बहिरू म्हणाला आणि थांबला.

पलीकडे त्याने हात बदलला असावा, किंवा घाम पुसला असावा.

"एकवीस," तो म्हणाला. "बावीस. तेवीस."

अंजलीबाई खाली बसल्या आणि ढसाढसा रडू लागल्या. बहिरू मोजतच राहिला. साठाला त्याने "झाली, मॅडम!" म्हणून ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तरीही ब्रेक बसवून घे," त्या म्हणाल्या आणि सविस्तर सांगितलं. मग डायरीत त्याच्या नावापुढे खूण केली आणि दुसरा नंबर लावला.